मदत हवी आहे: रोमन समाधीतील भिंतीत गुंतलेल्या खांबाला मराठीत काय म्हणावे?

दक्षिण फ्रान्समधील सें-रेमी गावाजवळ, ग्लानुम या प्राचीन नगराच्या वेशीबाहेर, यूलिई कुटुंबाची इ.स.पू. पहिल्या शतकातील समाधी उभी आहे. सेक्स्तुस, मार्कुस आणि लुकिउस या भावांनी ती आपल्या आईवडिलांसाठी उभारल्याचे तिच्यावरील लेख सांगतो. तिच्यावरील सजावटीचे मराठी वर्णन मी लिहीत आहे. युद्ध व शिकारीची शिल्पे असलेले पीठ आणि वर टोगा (रोमन पुरुषांचे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र) ल्यालेल्या पुतळ्यांभोवतीचा गोल स्तंभमंडप यांना शब्द सहज मिळाले.

अडचण मधल्या मजल्याची आहे. तेथे चारही बाजूंना कमानी असून कोपऱ्यांवर कोरिंथियन (पानांची नक्षी असलेल्या) शीर्षांचे, उभ्या खाचांचे गोल खांब भिंतीत अंशतः गुंतलेले आहेत. मंदिरस्थापत्यावरील मराठी लेखनात 'अर्धस्तंभ' हा शब्द मला भिंतीतून किंचित पुढे आलेल्या सपाट, चौकोनी खांबासाठीही वापरलेला आढळला; 'भित्तिस्तंभ' घेतला तरी गोलाई हरवते. दरवेळी 'भिंतीत गुंतलेला गोल खांब' लिहिणे फारच लांबते. मजकूर सामान्य वाचकांसाठी आहे, चित्राला जागा नाही आणि नवा संस्कृत शब्द घडवण्याची माझी इच्छा नाही. गोल आणि सपाट हे दोन्ही प्रकार वेगळे दाखवणारी, छापील मराठीत आधीच रुळलेली शब्दजोडी कोणती, आणि ती आपण कोठे वाचली आहे?