भाची स्वालबार्डला राहून रील्स करते, घरच्यांनी कसं वागायचं?

रानजाई: माझी भाची लाँगियरब्येनला असते, स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेच्याही वर पार ७८ अंश उत्तरेला. गेली होती हॉटेलातल्या कामाला आणि आता तिचे रील्स एवढे चालतात की लांबचे लोक आम्हालाच तिच्या खिडकीबाहेरच्या डोंगराबद्दल सांगतात. कौतुक आहेच, मनापासून आहे. पण व्हिडिओत ध्रुवीय प्रकाशाचं (नॉर्दर्न लाइट्स) हिरवं आकाश, स्नोमोबाइल, हातात कॉफीचा मग आणि हसणारी पोरगी, आणि तीच पोरगी डिसेंबरात फोनवर धड दोन वाक्यं बोलत नाही, भर दुपारी झोप येतेय म्हणते. ताईला म्हटलं तर ती म्हणते अगं कालच्या व्हिडिओत किती छान दिसत होती. त्यात नातेवाइकांचा ग्रुप, कुणी अस्वल दाखव म्हणून मागे लागलंय, कुणाला उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला जायचंय. ताईला कसं समजावू आणि ग्रुपला कसं आवरू? तिकडे कुणाचं कुणी असेल तर प्लीज लिहा.

उंबरठा: माझा दीर उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला असतो, तिथेसुद्धा सूर्य दोन महिने वर येत नाही, लाँगियरब्येनला तर ऑक्टोबर अखेरीला जातो तो फेब्रुवारीच्या मध्यालाच येतो. मधले दोन-अडीच महिने दुपारी बारालाही अंधारच. त्यामुळे झोपेचं तंत्र बिघडणं हे तिकडे सगळ्यांनाच माहितीये, लोक ठरल्या वेळी उठतात, खास दिवा लावून बसतात, व्हिटॅमिन डी घेतात. आणि ते हिरवं आकाश मोबाइलच्या कॅमेऱ्यात डोळ्यांना दिसतं त्याच्यापेक्षा कितीतरी भडक येतं, हे ताईंना नक्की सांगा. रील अर्ध्या मिनिटाचं असतं हो, बाकीचा दिवस पोरीलाच काढायचा असतो. व्हिडिओ बघून खुशाली ठरवू नका, तिची सुट्टी बघून फोन करा आणि त्यात रील्सचा विषयच काढू नका. झोप न येणं किंवा नुसतं झोपून राहणं लांबलं तर मात्र तिथल्या डॉक्टरकडे जायला लावा.

भिरभिरं: एवढ्या वर व्हिडिओ अपलोड तरी कसे होतात??

उंबरठा: समुद्राखालून फायबर केबल आहे, २००४ पासून. उपग्रहांचा डेटा उतरवणारं मोठं स्टेशन आहे तिथे, त्याच्यासाठी टाकली. नेट उत्तम असतं, म्हणून तर व्हिडिओ कॉल करा म्हणतेय.

दगडफूल: अस्वलाचं ग्रुपवर आजच्या आज थांबवा. हे फार मनापासून सांगतोय. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचा कायदा आहे आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर. पाठलाग करायचा नाही, आमिष दाखवायचं नाही. वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ लागतंच, बहुतेक लोक रायफलही नेतात. आपण इथून गंमत म्हणून लिहितो, तिला मात्र व्ह्यूजचं प्रेशर आधीच असतं, त्यात घरचेही तेच मागायला लागले की पोरं नको तो धोका घेतात. ड्रोनचंही तसंच, विमानतळाच्या ५ किलोमीटरच्या आत उडवता येत नाही आणि गाव त्यातच येतं.

दुसरं, वस्ती जेमतेम अडीच हजारांची. खिडकीतला डोंगर बघून माहितगार माणूस घर ओळखतो आणि उन्हाळ्यात क्रूझची गर्दी उतरते. घरातून शूट करताना पडदा ओढायला सांगा.

चांदणवेल: राहायला जायचंय त्यांना सांगा, १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं, पण विमान नॉर्वेवरून जातं म्हणून शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा लागतो, तोही डबल एंट्री, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, परत येताना पुन्हा एंट्री धरतात. आणि राहणार कुठे, तिथे बऱ्याच खोल्या कंपनीच्या असतात, नोकरी गेली की खोली गेली. मला खरी काळजी याचीच वाटते. तिथे सरकारी आधार जवळजवळ नाही, स्वतःचा खर्च भागवता आला नाही तर गव्हर्नर परत पाठवू शकतो. हॉस्पिटलही छोटं, गंभीर पेशंटला विमानाने ट्रॉम्सोला नेतात. रील्सच्या पैशावर भरवसा ठेवून ती नोकरी सोडायचा विचार करत असेल तर आधी खोली, इन्शुरन्स आणि बाजूला टाकलेले पैसे याबद्दल तिच्याशी बोला. रागावून नाही, मावशी म्हणून बोला.

रानजाई: सगळ्यांचे खूप आभार. अस्वलाचा नियम ग्रुपवर टाकला, दोघं रुसलेत, रुसू देत. नोकरी सोडायचं ती मागे एकदा बोलली होती खरं, रविवारी तिला सुट्टी असते तेव्हा खोलीचं विचारते. दिव्याचं ताईला सांगितलंय, ती स्वतःच बोलते म्हणाली.