स्क्रीन बिघडली म्हणून वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स काढून टाकायचं का?

ग्रंथखिडकी

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एकच डेस्कटॉप आहे. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे कळलं होतं. त्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता. नवीन मशीन घ्यायला समितीकडे पैसे नाहीत. म्हणून गणपतीला आलेल्या भाच्याने त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, टाकलं. महिनाभर छान चाललं. साडेचार हजार पुस्तकांची यादी लिब्रेऑफिसमध्ये, मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने, काहीच अडलं नाही.

मग परतीच्या पावसात एका संध्याकाळी अपडेट चालू असताना लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. सकाळी बटण दाबलं तर लोगो आला आणि पुढे काळोख. माझ्यासोबत वाचनालय उघडणारे काका म्हणाले, "काय एक दिसणा नाय. आता कोणाक विचारूचा?"

भाच्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना काय चालू करायचं ते विचारणाऱ्या मेनूत 'ई' दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहिलं आणि एफ-१० दाबलं. स्क्रीन आली. पुन्हा काळं पडू नये म्हणून तो शब्द ग्रबच्या फाईलमध्ये कायमचा घालूनही टाकला. पण आता अक्षरं पसरट. प्रत्येक 'ळ' दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा. आमचा मॉनिटर १४४० बाय ९०० चा, आणि सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ शिवाय दुसरा पर्यायच नाही. समितीतल्या दोघांनी हे पाहिलं आणि ठरवलं, रविवारच्या बैठकीत लिनक्स काढायचा ठराव.

मी दोन दिवस त्याच्यासमोर बसलो. एक नव्हे, दोन बिघाड होते, आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसत होते.

पहिला, लाईट गेल्यामुळे नवीन कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अर्धवट बसलं होतं. ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचं कर्नल तसंच होतं. ते निवडून मशीन चालू केलं, अपडेट पूर्ण केलं आणि नोमोडसेट काढलं. हा शब्द म्हणजे मोडलेल्या पायाला तात्पुरती बांधलेली फळी. तो असेपर्यंत स्क्रीन चालवणारा ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर कामालाच लागत नाही, म्हणून रेझोल्यूशन खालचंच राहतं.

तरीही अक्षरं पसरटच. हा दुसरा बिघाड. मॉनिटर आपली मापं व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून कॉम्प्युटरला सांगतो. ते सांगणं पोचलं नाही तर सिस्टिम अंदाजाने १०२४ बाय ७६८ धरते. केबल काढून उजेडात धरली तर १५ नंबरची पिन साफ आडवी. रंगकामाच्या वेळी टेबल सरकवलं होतं, तेव्हा वाकली असणार. (९ नंबरची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, ती नाही म्हणून घाबरू नका.) शाळेतून केबल मागून आणली, लावली, आणि १४४० बाय ९०० आपोआप आलं.

म्हणजे एक दोष विजेचा, एक केबलचा. दोन्हींचा आळ लिनक्सवर, कारण तेवढंच नवीन होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बिघाड कुठे आहे ते आधी शोधा आणि मग काढायचं का ते ठरवा. तुम्हाला काय वाटतं?

कातळसडा

तुमच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण मी समितीच्या बाजूने. तुम्ही दोन दिवस बसलात. मोसमात माझ्याकडे दोन तास नसतात. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या भरायच्या, टेम्पो उभा, दलालाला बिल पाठवायचं, आणि तेव्हा स्क्रीन काळी पडली तर मी पिना मोजत बसू?

माझ्याकडेही पुतण्याने हाच प्रयोग केला होता. पहिल्या अपडेटनंतर काळी स्क्रीन. तो पुण्यात, कामावर, फोन उचलेना. मी तीन दिवस बिलं हाताने लिहिली. शेवटी कणकवलीहून माणूस बोलावला, तो म्हणाला, "मला विंडोज येते, हे येत नाही." विंडोज बिघडते तेव्हा ती दुरुस्त करणारा तासाभराच्या अंतरावर मिळतो. लिनक्स दुरुस्त करणारा मुंबईला. हा फरक तुम्ही हिशेबात धरलाच नाही.

आणि विंडोज १० लगेच मेली असंही नाही. घरगुती वापरासाठी वर्षभराचे वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवले आहेत. तेवढ्यात समिती पैसे जमवू शकते.

पाटीपेन्सिल

कातळसडा दादा, दुरुस्त करणारा जवळ नाही हे खरं. पण म्हणून जवळ कोणी तयारच करायचा नाही का? मी गुहागरकडे शाळेत शिकवते. आमच्या नववीच्या मुलांना ग्रबचा मेनू दाखवला. शिफ्ट दाबून तो कसा आणायचा, काही मशीनवर शिफ्टऐवजी एस्केप लागतं, जुनं कर्नल कसं निवडायचं. एका तासिकेत आलं त्यांना. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथल्या 'काइट' या संस्थेने उबुंटू या लिनक्सवर बेतलेली स्वतःची आवृत्ती शाळांना दिली आहे. तिथेही पाऊस पडतो, तिथेही लाईट जाते, तिथेही समुद्र आहे.

वाचनालय तर गावाचं. तिथे बिघाड झाला आणि चार मुलांसमोर तो शोधला, तर तेवढं ज्ञान गावात राहतं. कणकवलीच्या माणसाने फॉरमॅट मारून दिलं तर गावात काय राहिलं?

कातळसडा

बाई, नववीची मुलं दहावीत जातात, मग रत्नागिरीला, मग मुंबईला. गावात राहतो तो काका. "कोणाक विचारूचा" हे त्याने विचारलंय आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

खाडीपलीकडे

रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, लिनक्सही दुरुस्त करतो. ग्रंथखिडकी यांनी बिघाड अचूक शोधला, पण त्यांचं नशीबही चांगलं होतं. त्यांच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड दिसत नाही. ते असतं तर दोन दिवसांत सुटलं असतं असं मी छातीठोक सांगणार नाही.

माझ्याकडे येणारी मशीनं पाहतो. एनव्हिडियाच्या फार जुन्या कार्डांसाठी ३४० मालिकेचा ड्रायव्हर होता, त्याचा आधार २०१९ अखेरीस संपला. नवीन कर्नलवर तो धड बसत नाही, आणि त्याऐवजीचा मुक्त नूवो ड्रायव्हर प्रत्येक कार्डावर सारखा चालत नाही. कुणी ड्रायव्हर बरोबर टाकतो, पण सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय, चालू असतं. मग सही नसलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नल आत घेतच नाही. टाकताना निळ्या स्क्रीनवर किल्ली नोंदवायला विचारलेलं असतं, माणूस घाबरून पुढे जातो. आठ दिवसांनी म्हणतो, "ड्रायव्हर टाकला पण उपयोग नाही." तेव्हा लिनक्स प्रत्येक मशीनवर सोपं आहे असं सांगून लोकांच्या गळ्यात घालू नका. मी स्वतः रोज लिनक्स वापरतो, म्हणूनच हे तळमळीने सांगतो. एकदा पोळलेला माणूस परत जवळ येत नाही.

मॉनिटर स्वतः काय सांगतोय ते आधी वाचा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. 'नो सिग्नल' आलं तर केबल, पोर्ट किंवा कार्ड पाहा. निम्म्या वेळा कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली असते. 'आउट ऑफ रेंज' आलं तर सिस्टिम चालू आहे, पण मॉनिटरला न झेपणारं माप पाठवतेय. आणि काहीच संदेश नाही, मागचा दिवा लागलेला, नुसता काळा उजेड, तर बहुतेक ड्रायव्हर किंवा लॉगिनची स्क्रीन अडली आहे. तेव्हा कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. लॉगिन मागणारी अक्षरं आली तर मशीन जिवंत आहे. फॉरमॅट मारायची गरज नाही.

आणि आपल्याकडची खारी हवा विसरू नका. किनाऱ्यालगतच्या घरांतल्या मशीनची रॅम काढून पाहिली तर पट्ट्या काळपट झालेल्या असतात, केबलीच्या तोंडाशी हिरवट थर. चार महिने पावसात बंद ठेवलेलं मशीन घटस्थापनेला चालू केलं की स्क्रीन येत नाही, आणि तीच वेळ लोकांनी नवीन सिस्टिम टाकायची ठरवलेली असते. आधी रॅम काढून पुसून परत बसवा.

दादर-सावंतवाडी

मी त्या भाच्यांपैकी एक. ग्रंथखिडकी यांचा नव्हे, पण दर गणपतीत कुणाच्या तरी घरी लिनक्स टाकून देणारा. कातळसडा यांचं वाचून वाईट वाटलं, कारण चूक आमची आहे. आम्ही विसर्जनाच्या आदल्या रात्री टाकतो, "झालं बघ" म्हणतो आणि सकाळी गाडीत बसतो.

यंदापासून मी तीन गोष्टी केल्याशिवाय टाकत नाही. पेन ड्राईव्हवरूनच, इन्स्टॉल न करता, तासभर चालवून बघतो. रेझोल्यूशन, आवाज, प्रिंटर तिथेच बरोबर आलं नाही तर त्या मशीनला हात लावत नाही. टाकल्यावर टाइमशिफ्ट या प्रोग्रामने परत फिरण्याची खूण करून ठेवतो. आणि ग्रबचा मेनू लपवत नाही, दहा सेकंद दिसेल असा ठेवतो, म्हणजे घरच्यांना शिफ्ट कधी दाबायचं हे जमवावं लागत नाही. मॉनिटरच्या मागे मराठीत लिहिलेला कागद चिकटवतो, 'काळं पडलं तर खालच्या बाणाने दुसरी ओळ, एंटर, मग रिकव्हरी न लिहिलेल्यांपैकी वरून दुसरं नाव, एंटर.' हे न करणाऱ्याने दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

पाटीपेन्सिल

कागदाची कल्पना उद्याच शाळेत वापरते. फक्त अपडेट आपोआप होऊ देऊ नका. यूपीएस चालत असेल आणि आभाळ मोकळं असेल तेव्हाच करायचं, हेही त्या कागदावर हवं. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तसलं वादळ राहू दे, वळवाच्या पावसातही आपल्याकडे तासाला तीनदा लाईट जाते. शहरात बसून लिनक्सबद्दल लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

कातळसडा

आता कोणीतरी प्रामाणिकपणे बोललं. पण दादर-सावंतवाडी, तुमच्या कागदावर सगळे बिघाड मावणार आहेत का? ग्रंथखिडकी यांची वाकलेली पिन त्या कागदाने सापडली नसती. काकांनी जुनं कर्नल निवडलं असतं, अक्षरं पसरटच राहिली असती, आणि पुन्हा फोन.

ग्रंथखिडकी

कातळसडा, तो कागद पिनेला पुरला नसता हे मान्य. पण विंडोज पुरली असती का? पिन वाकलेली असती तर विंडोजलाही मॉनिटरचं माप कळलं नसतं. तुमचा कणकवलीचा माणूस आला असता, फॉरमॅट करून विंडोज टाकली असती, अक्षरं पसरटच दिसली असती आणि त्याने मॉनिटर बदलायला सांगितला असता. आमच्या चांगल्या मॉनिटरचे पैसे गेले असते. सिस्टिम कुठलीही असो, केबल कोणीतरी काढून बघायलाच हवी होती.

वाढीव अपडेटचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण २०२६ चा ऑक्टोबर काही लांब नाही. वर्षाने हाच प्रश्न, हेच मशीन, आणि तिजोरीत तेवढेच पैसे.

खाडीपलीकडे यांचं म्हणणं मात्र मनाला लागलं. आमच्या मशीनमध्ये वेगळं कार्ड नाही, मदरबोर्डवरचंच ग्राफिक्स आहे, हे मी लिहायला हवं होतं. ते असतं तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

बैठकीत दोन मागण्या ठेवतोय. यूपीएसला नवीन बॅटरी, आणि ठराव सहा महिने पुढे ढकलणे. कागद आज चिकटवला. काकांना समोर बसवून मुद्दाम मशीन बंद-चालू केलं. पहिल्यांदा बाणाचं बटण सापडेपर्यंत दहा सेकंद संपले. मेनूची वेळ तीस केली. दुसऱ्या खेपेला त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, कागदावर बोट ठेवून ओळ वाचली, बाण दाबला, एंटर दाबलं. स्क्रीन आल्यावर काही बोलले नाहीत, पुस्तकांची यादी उघडली आणि कालची परत आलेली पुस्तकं चढवायला लागले.

कातळसडा

हे वाचून बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही. तुम्ही गावात नसताना, पाऊस पडत असताना, काकांनी हे एकट्याने केलं तर मला जरूर कळवा. आणि व्हीजीएची जास्तीची केबल कुठे मिळाली तर एक माझ्यासाठी घेऊन ठेवा. पडवीतल्या मशीनवर विंडोज आहे, दिवाळीपासून त्याचीही अक्षरं पसरट दिसतायत.