घाना संपला, आता आबिजान गाठा? मला नाही पटत

टेमावाला: काल एकाने आबिजानच्या उड्डाणपुलांचे फोटो टाकून लिहिलं की घानात आता राम राहिला नाही, पश्चिम आफ्रिकेत नोकरी करायची तर सरळ शेजारच्या आयव्हरी कोस्टमधलं आबिजान गाठावं. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. डिसेंबर २०२२ मध्ये घानात महागाई ५४ टक्क्यांवर गेली, सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, इथलं चलन सेडी कोसळलं, सगळं मान्य. आम्ही ते घानातल्याच टेमा बंदरात बसून भोगलंय. पण देश म्हणजे काय फक्त चलन आणि उड्डाणपूल? आयव्हरी कोस्टपेक्षा घानातला माणूस सरासरी जास्त जगतो, बाळंतपणात बायका कमी दगावतात, मानव विकास निर्देशांकात घाना वर आहे, २०१७ पासून सरकारी सीनियर हायस्कूलला फी नाही. आणि इथे निवडणूक हरलेला अध्यक्ष घरी जातो. तिकडे २०१० ला हरलेला खुर्ची सोडेना, त्यात ३००० च्या आसपास माणसं गेली. हे विसरून पुलाचे फोटो काय टाकता?

आबिजानकर: ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेणार नाही. २०१० चं किती दिवस उगाळणार? मी आधी घानाच्या राजधानीत, अक्रात राहिलोय. घरमालकाने दोन वर्षांचं भाडं एकरकमी मागितलं, कायद्यात सहा महिन्यांच्या वर घेता येत नाही तरी. वर डुमसोर, म्हणजे लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा पत्ता नाही, जनरेटरच्या डिझेलमध्ये अर्धा पगार. २०२२ ला तुमची महागाई ५४ वर होती तेव्हा इकडे ती पाचच्या आसपास होती. दरडोई उत्पन्नातही हा देश तेव्हा पुढे होता.

वेंगुर्ल्याचा काजूवाला: दोघंही मोठ्या शहरांच्या गोष्टी करताय. आयव्हरी कोस्ट जगात सगळ्यात जास्त कच्चा काजू पिकवतो, आमच्या कोकण-गोव्यातले कारखाने आफ्रिकेच्या बियांवर चालतात, म्हणून खरेदीच्या हंगामात मी कोरोगो, बुआके बाजूला असतो. आबिजान सोडून उत्तरेला या एकदा. दवाखाना लांब, शाळेत मास्तर नाही, मुलं बागेत बिया वेचतायत. पाच टक्के महागाईचं त्या शेतकऱ्याला काय कौतुक, त्याच्या बीला भाव कोण देतो ते सांगा.

टेमावाला: आणि ती महागाई कमी कशी राहते तेही सांगा ना. तिकडचं चलन सीएफए फ्रँक युरोला बांधलेलं, ६५५.९५७ ला एक युरो. १९४५ साली फ्रान्सने वसाहतींसाठी काढलेलं चलन ते. जानेवारी १९९४ मध्ये एका रात्रीत त्याची किंमत निम्मी केली, लोकांची बचत अर्धी झाली. २०१९ च्या करारापर्यंत निम्मी गंगाजळी फ्रान्सच्या तिजोरीत ठेवावी लागायची. दुसऱ्याच्या हातात आपला गळा देऊन मिळालेली स्थिरता ही. घानाचे पहिले नेते एन्क्रुमा, त्यांनी असली तडजोड केली नाही.

आबिजानकर: एन्क्रुमांचं नाव काढलंस ते बरं झालं. १९५७ मध्ये त्यांची आणि आयव्हरी कोस्टचे नेते उफुए-ब्वानी यांची पैजच लागली होती, दहा वर्षांत कोणाचा देश पुढे जातो बघू म्हणून. दहा वर्षं पुरी व्हायच्या आत, १९६६ मध्ये, एन्क्रुमांना लष्कराने घालवलं आणि घानाची तिजोरी रिकामी होती. आबिजान तेव्हा वाढत होतं. स्वाभिमानाने भाजी येत नाही. २००७ मध्ये सेडीची चार शून्यं उडवली तुमच्या सरकारने, तो स्वाभिमान का?

टेमावाला: भाजीचा हिशोब तू मला शिकवू नकोस! पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोकोचा भाव पडला आणि तुझ्या त्या आबिजानचं काय झालं? कर्ज डोक्यावर आणि उफुए-ब्वानींच्या गावी, यामुसुक्रोला, जगातलं सगळ्यात मोठं चर्च! १९९० ला पोपच्या हस्ते उद्घाटन. त्या पैशात किती दवाखाने झाले असते?

अक्रातली आई: भांडताय, पण चलनावरून आणि चर्चवरून. मूळ प्रश्न राहायचा होता ना? मुलं शाळेत असतील तर अक्रा, कारण शाळा इंग्रजीत, भारतात परत गेलं तरी निभावतं. आबिजानला फ्रेंच, नाहीतर इंटरनॅशनल शाळेची फी, जी कंपनी देत नसेल तर विसरा. भाडं दोन वर्षांचं मागतात हे शंभर टक्के खरं, आमच्याकडूनही घेतलं, टेमावाले यावर गप्प का? आणि गलामसेबद्दल कुणीच बोलत नाही, सोन्यासाठी बेकायदा खोदून खोदून प्रा नदी चिखल झाली, पाणी शुद्धीकरण केंद्रं बंद ठेवावी लागतात. आमच्याकडे येणारी मदतनीस त्या भागातली, तिच्या गावचे लोक पिशवीतलं पाणी विकत घेऊन स्वयंपाक करतात. मला त्याचा संताप येतो.

टेमावाला: भाड्याचं खरंय, मान्य करतो, तो लुटीचाच धंदा आहे. गलामसेचंही. पण विजेवरून आबिजानकरांनी शिकवू नये, २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडेही वीजकपात चालली होती, धरणात पाणी नव्हतं म्हणून.

आबिजानकर: काही आठवडे. तुमच्याकडे २०१२ ते २०१६ चाललं. आयुर्मान आणि बाळंतपणाचं तुझं म्हणणं बरोबर आहे, ते आकडे मी नाकारत नाही, इकडचे सरकारी दवाखाने वाईटच आहेत. पण नोकरीला येणाऱ्या आपल्या पोराला मी अजूनही इकडेच बोलावेन, पगार तरी महिनाअखेरीला तेवढाच राहतो.

वेंगुर्ल्याचा काजूवाला: आणि कोरोगोच्या शेतकऱ्याचा? त्याच्या बियांच्या भावाचं मी विचारलं होतं, त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.