मदत हवी आहे: घरकुलांसाठी फिरता निधी कसा चालवावा?

रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्यात आमची एक छोटी नोंदणीकृत धर्मादाय संस्था कातकरी कुटुंबांना घरे उभारण्यास मदत करते. पीएम-जनमन या अतिमागास आदिवासी गटांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून प्रत्येक घरासाठी २ लाख रुपये मिळतात. मात्र टप्प्याचे काम झाल्याचा फोटो चढवल्याखेरीज पुढचा हप्ता खात्यात जमा होत नसल्याने, जोत्यापर्यंत आलेले बांधकाम सिमेंट-विटांअभावी तिथेच अडते आणि पावसाळा तोंडावर येतो. दुकानदाराकडे उधारी मागून पाहिली. तो एका घरापुरता तयार होतो, अख्ख्या वाडीपुरता नाही. आसपासच्या ग्रामस्थांनी श्रमदान केले, जुनी पण धड सागवानी दारेही दिली, तेव्हा अडचण माणसांची नसून खेळत्या पैशाची आहे. म्हणून देणग्यांतून फिरता निधी उभारून साहित्य बिनव्याजी पुरवावे आणि हप्ता आल्यावर रक्कम परत घ्यावी, असा विचार आहे. संस्थेकडे ८०-जी प्रमाणपत्र (देणगीदारांना आयकरात सवलत देणारे) आहे, आणि कोणत्याही घरावर बोजा चढवायचा नाही, हे विश्वस्तांनी पक्के ठरवले आहे.

असा निधी ज्यांनी प्रत्यक्ष चालवला आहे, त्यांनी कुटुंबाशी लेखी करार कोणत्या स्वरूपाचा केला, हप्त्याची रक्कम आजारपणात खर्च झाली तर काय केले, आणि दिलेले साहित्य हिशेबात खर्च म्हणून दाखवले की येणे म्हणून?