करारावरचा फोन आमच्या किनाऱ्यावर परवडेल का?

कोणीतरी लिहिलंय, अमेरिकेत पूर्वी मिळायचा तसा दोन वर्षांच्या करारावर, म्हणजे दोन वर्षं त्याच कंपनीचं सिम वापरायच्या अटीवर, स्वस्तात फोन मिळाला तर गरिबाच्याही हातात चांगला फोन येईल. मला नाही पटत. २००८ मध्ये तिथे आयफोन ३जी १९९ डॉलरला मिळायचा हे खरं, पण उरलेली किंमत महिन्याच्या बिलातच मुरवलेली असायची. दोन वर्षं संपून फोन फिटला तरी बिल तेवढंच! २०१३ मध्ये तिथल्या टी-मोबाइल या फोन कंपनीने ही पद्धत सोडून फोनचा हप्ता वेगळा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना खरी किंमत दिसली.

आता आमच्या कोकणातल्या हर्णै बंदराकडे बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या, घरात पैसा येत नाही. आंबेवाल्यांची कमाई एप्रिल-मेची. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. माझ्या भावाचा हप्त्यावरचा फोन जाळं ओढताना पाण्यात गेला, पुढचे सात हप्ते तरी भरावेच लागले. फार वाईट वाटलं मला.

आणि रेंजचं काय? आमच्या वाडीत एका कंपनीची येते, बंदरावर दुसरीचीच. म्हणून दोन सिम लागतात. एकाच कंपनीला बांधलेला फोन इथे निम्मा दिवस मुका राहील. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ती सोयही करार संपेपर्यंत अडकते.

मी तरी हंगामाचे पैसे आले की रोखीनेच घेते, साधा असला तरी चालेल.