पट्टी म्हणजे नेमकी कुठली पट्टी?

हौशी_तारकरी: पंधरा वर्षं गिटार वाजवतोय, घरच्यापुरती. आता त्रेचाळिशीत पियानो घेतलाय. गुरू नाही, सगळं आपलं आपणच. आईलाही शिकायचंय म्हणून टिपणं मराठीत काढतोय. जी मेजरमध्ये एफ शार्प येतो, ते पेटीवाल्यांच्या मोजणीत (सी म्हणजे पांढरी एक, जी पांढरी पाच, एफ शार्प काळी तीन) लिहिलं : "पांढरी पाचच्या पट्टीत काळी तीनची पट्टी दाब." आई म्हणाली, "एका वाक्यात दोन पट्ट्या, दाबू कुठली?" एक गाण्याची पट्टी, एक बोटाने दाबायची; इंग्रजीतही दोन्हींना 'की'च. मराठीत वेगळे शब्द आहेत का?

पेटीवाला: हवेत कशाला? गायक येतो, "काळी चार" म्हणतो आणि मांडी घालून बसतो. षड्ज, म्हणजे सा, तिथे धरायचा, हे पोरालाही कळतं.

शुद्धलेखणी: बोटाखाली येते ती कळ. संगणकाला कळफलक चालतो, मग पियानोला कळ का नको?

आजी_दादरची: ८८ कळा? मला दोन बाळंतपणांतल्या पुरे झाल्या.

हौशी_तारकरी: माझा घोळ गिटारपासूनचा आहे. कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) दुसऱ्या पडद्यावर, बोटं जी कॉर्डची. तबलजीने पट्टी विचारली, मी बेधडक "जी" म्हणालो. त्याने तबला पांढरी पाचला मिळवला आणि मी वाजवत होतो पांढरी सहा! गिटारवर मला फक्त बोटांचे आकार पाठ होते, सूर कुठला ते बघितलंच नव्हतं. एकच सूर चार ठिकाणी सापडतो ना तिथे. पियानोवर त्याला एकच जागा, कॅपोही नाही. पट्टी बदलली की हात नव्याने शिकवायचा. आपला बिलावल थाट म्हणजेच मेजर स्केल, हेही तिथे बसल्यावर डोक्यात शिरलं.

मडगावचो: आम्ही चर्चमध्ये सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी, शिकलो. दो म्हणजे सी, तो हलत नाही. तुमचा सा फिरतीवर असतो, म्हणून ही भानगड.

पेटीवाला: सा फिरतो म्हणूनच बाई आणि बुवा दोघांना गाता येतं.

शुद्धलेखणी: 'पट्टीचा गवई' यातूनच आला. ठरल्या पट्टीतून न ढळणारा तो पट्टीचा.

पेटीवाला: मग पट्टीचा पोहणारा काळी दोनमध्ये पोहतो काय? आणि पेटीचं पेटंटच पॅरिसमध्ये १८४२ चं, त्याआधी गवई नव्हते काय?

शुद्धलेखणी: पेटी नव्हे, संवादिनी.

पेटीवाला: संवादिनी फक्त निमंत्रणपत्रिकेत असते. खांद्यावर मारून नेतो ती पेटी.

आजी_दादरची: आमच्या सासूबाईंनी दोन्हींना कधी हात लावला नाही, पण "वरच्या पट्टीत बोलू नकोस" रोज ऐकवायच्या.

हौशी_तारकरी: इकडे आईने आकडे लिहून चिकटपट्टीने पियानोवर लावलेत. तिसरी पट्टी.

शुद्धलेखणी: चिकटफीत म्हणा.