'समन्वय', 'ताळमेळ' की 'सांगड'?

विचारणा

एकाच सॉफ्टवेअर उत्पादनावर सहा-सात अजाइल टीम (थोडं थोडं बनवून, प्रतिसाद बघून पुढचं ठरवणाऱ्या) काम करत असतील तर त्यांनी एकमेकींना धरून कसं चालावं, याची पुस्तिका मराठीत लिहितोय. टीम, स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा छोटा टप्पा), स्क्रम (अजाइल कामाची एक प्रचलित पद्धत) हे शब्द तसेच ठेवलेत. ('अजाइल'चं 'चपळ' करून पाहिलं. पण चपळ माणूस वेगळा आणि चपळ मन वेगळं. तशा चंचल मनाच्या हाती कुणी उत्पादन देणार नाही.) अडतंय ते 'कोऑर्डिनेशन'पाशी. सगळीकडे 'समन्वय' लिहीत गेलो आणि आता पान परिपत्रकासारखं वाटतंय. एका टीमचं काम दुसरीवर अडलं तरी समन्वय, सगळ्यांचा कोड एकत्र केल्यावर चालतो का हे पाहणं तरी समन्वय, आणि उत्पादन कुठे न्यायचं यावर एकमत होणं तरी समन्वयच. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर

दुसरा एकच शब्द शोधू नका. तुम्ही दिलेली तीन कामं खरंच तीन आहेत, आणि मराठीत तिन्हींना शब्द आहेत.

कामं एकमेकांवर अडलेली असतात तिथे 'सांगड'. सांगड म्हणजे मुळात पाण्यावर तरण्यासाठी एकत्र बांधलेले सुके भोपळे किंवा दोन जोडलेल्या होड्या. बांधल्यामुळे स्थिर होतात हे खरं, पण मग एकीला एकटीने वळता येत नाही.

कोड एकत्र करून पाहणं म्हणजे 'ताळमेळ'. जमाखर्चाचा ताळमेळ म्हणतो तोच. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे लिहिलेल्या, आता जुळतात का बघायचं. आणि ताळमेळ वर्षाअखेर बघणाऱ्याचं जे होतं तेच स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी कोड जोडणाऱ्याचं होतं.

'समन्वय' उरतो तिसऱ्या कामाला, आणि तिथे तो शोभतो. अन्वय लावणं म्हणजे श्लोकातले विखुरलेले शब्द अर्थ लागेल अशा क्रमाने मांडणं. ब्रह्मसूत्रांतलं चौथं सूत्र 'तत्तु समन्वयात्' आहे. तिथे अनेक वचनांचा रोख एकाच तात्पर्याकडे असणं हा अर्थ. अनेक टीम, एक उत्पादन यासाठी याहून नेमका शब्द मिळायचा नाही. तो आपण परिपत्रकांत झिजवला, त्यात शब्दाचा दोष नाही.

उत्तर

वरच्या उत्तरात क्रियापदं राहिली, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. समन्वय *साधतात*, सांगड *घालतात*, ताळमेळ मात्र *बसतो*. पहिल्या दोहोंना कर्ता लागतो. ताळमेळ बसायला सोय लागते: रोज, जमल्यास दिवसातून अनेकदा कोड एकत्र होणं, आपोआप चालणाऱ्या चाचण्या, आणि 'काम पूर्ण झालं' म्हणजे काय याची सगळ्या टीमनी पाळायची एकच व्याख्या. (२०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेत ही शेवटची गोष्ट बंधनकारक आहे.)

दुसरं असं की 'समन्वय'पासून 'समन्वयक' होतो, 'ताळमेळ'पासून कुणी होत नाही. पुस्तिकेत समन्वय लिहिलात की महिन्याभरात समन्वयकाची खुर्ची मांडली जाते, मग त्याची साप्ताहिक बैठक, मग तक्ता. टीम एकमेकींशी बोलायच्या थांबतात, कारण बोलायला माणूस नेमलाय. मी हे दोनदा पाहिलंय.

मूळ प्रश्नकर्ता

क्रियापदांचा मुद्दा पटला. पण नऊ टीम असतील तर कुणीतरी लागेलच ना? दोन-दोनच्या जोड्या मोजल्या तर पाच टीममध्ये १० होतात, नवांमध्ये ३६. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं तर काम कधी करायचं? नेक्सस ही अनेक स्क्रम टीम एकत्र चालवायची पद्धत साधारण तीन ते नऊ टीमसाठी आहे, आणि तिच्यात जोडणीची जबाबदारी घेणारी वेगळी टीम असतेच.

आणि 'सांगड' मराठीत चांगल्या अर्थाने रूढ आहे. 'परंपरा आणि आधुनिकतेची सांगड' वगैरे. मी लिहिलं 'सांगडी कमी करा', तर वाचणारा गोंधळेल.

उत्तर

गोंधळेल, मान्य. मग तिथे सरळ 'अडकाठी' किंवा 'अमुकचं काम तमुकवर अडलंय' लिहा; टीममध्ये बोलतात तसंच. पण होड्यांचं चित्र सोडू नका, कारण दोर बहुतेक वेळा आपणच बांधलेला असतो. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेलं निरीक्षण आहे: संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिने घडवलेल्या प्रणालीची रचना होते. एक टीम फक्त स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाची, एक फक्त डेटाबेसची अशी वाटणी केली की एक बटण हलवायला दोन्हींची सांगड घालावी लागते. वापरणाऱ्याला दिसणारं एक अख्खं काम एका टीमकडे दिलं तर निम्मे दोर सुटतात. तुमच्या ३६ जोड्यांपैकी खरोखर बोलायला लागणाऱ्या किती, हे त्या वाटणीवर ठरतं.

उत्तर

थोडं अवांतर. 'टीम'ला 'चमू' लिहिणाऱ्यांसाठी: जुन्या सेनागणनेत एका चमूत ७२९ हत्ती, ७२९ रथ, २,१८७ घोडे आणि ३,६४५ पायदळ असतं. स्क्रम टीममध्ये साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसं. मला 'तुकडी' आवडते, कारण तुकडी म्हटलं की ती कशाची हा प्रश्न लगेच येतो. अर्थात बोलताना मीही टीमच म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ता

बॅकलॉगचं, म्हणजे उत्पादनासाठी करायच्या कामांच्या यादीचं, काय करू? 'अनुशेष' लिहिलं होतं.

उत्तर

नको. अनुशेष म्हणजे व्हायला हवं होतं आणि राहून गेलं ते. इंग्रजीत बॅकलॉग मुळात चुलाण्यात मागे ठेवलेला मोठा ओंडका, म्हणजे साठा; थकबाकीचा अर्थ मागाहून चिकटला. उत्पादनाच्या यादीत अजून न ठरलेली कामंही असतात, ती थकलेली नसतात. 'कामांची क्रमवार यादी' पुरे.

आणि 'सामाईक यादी' लिहू नका, 'एकच यादी' लिहा. सामाईक भिंतीला रंग कोणी द्यायचा यावर दोन्ही घरं गप्प असतात. स्क्रममध्ये एका उत्पादनाला कितीही टीम असल्या तरी यादी एक, उद्दिष्ट एक, आणि क्रमाची जबाबदारी असलेला प्रॉडक्ट ओनरही एकच माणूस, समिती नव्हे.

मूळ प्रश्नकर्ता

सुरुवात आता अशी केलीय: 'सगळ्या टीमची यादी एकच. कोणाचं काम कोणावर अडणार आहे ते स्प्रिंट सुरू होण्याआधी एकमेकींना विचारा. ताळमेळ बसतोय का ते रोज बघा.' 'समन्वय' आता अख्ख्या पुस्तिकेत दोनदाच येतो. त्यातला एक शीर्षकात आहे, तो वरून सांगितलेला असल्याने काढता येत नाही.